सुपडू ऑइलमन

अमळनेरला बोरीच्या कोरड्या पात्राकडे तोंड करून
माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान.
शेजारच्या भिकनची पोर वही घेऊन येते.
पुठ्ठ्यावर काळापांढरा मासा, दात विचकलेला.
‘दादा, हा माणसं खातो?’

मासा नाही गं तो.
त्याला आपल्यासारखा श्वास लागतो, वर येऊन.
झोपतात तेव्हा अख्खं घर एका रांगेत,
अर्धा मेंदू जागा ठेवून,
धाब्यावर आपण निजतो तसे, अंगाला अंग लावून.
पुढे म्हातारी. तिला पिल्लं व्हायची थांबलीत,
पण दुष्काळात मासे कुठे सापडतील
ते तिलाच ठाऊक.
पाठीवर पुरुषभर उंच पर असलेला बाप्या
तोही तिच्याच मागे. ती सामन तोडते,
अर्धा त्याला ठेवते.
म्हातारी गेली की असले बाप्ये फार टिकत नाहीत.

बोलीसुद्धा घराघराची निराळी,
आपली ‘कथा जास’,
तापीपल्याड यावलकडे ‘कुठी चालला’.
सील खाणारे मात्र शिकारीला निघाले
की चिडीचूप. सीलला कान असतात ना.
तो बर्फाच्या लादीवर बसला असला
तर चौघीजणी रांगेत पोहत येतात
आणि लाटेनं लादी धुऊन काढतात.

पोर खूश. तिला एवढंच हवं होतं.

अलास्काकडे लंगर टाकून आम्ही
धक्का रिकामा व्हायची वाट बघत होतो.
पहाटे चारला इंजिनरूममधून वर आलो, हातात चहा.
एक मादी. नाकावर पिल्लू. मेलेलं.
घसरलं की बुडी मारायची, पुन्हा वर घ्यायचं.
तिसऱ्या दिवशी परत दिसली.
पिल्लाचा रंग उतरलेला,
आणि बाकी सगळे तिच्या चालीनं, हळू.

माझ्याआधी दोन गेले.
म्हणून मला सुपात घालून
मायनं उंबऱ्यापर्यंत ओढलं,
यमाला वाटावं केरच आहे.
ते सूप पुढे खुंटीला राहिलं,
त्यात कधी काही पाखडलं नाही.
दोघांची नावं मी विचारली नाहीत.

कठड्याला धरून मी म्हणालो, ‘टाकी दे माय.’
शेजारी उभ्या फिलिपिनो बोसननं विचारलं,
ही कुठली भाषा?
घरची, म्हटलं.
तिनं काही टाकलं नाही.

‘दादा, मग हा चांगला का वाईट?’

थांब गं, वेढे चुकतील.
एकशे बावीस. एकशे तेवीस.