चौकोन

केक म्हणावं तर भट्टी नाही,
वडी म्हणावी तर पाक नाही.
कुमुदआत्या म्हणायची, चौकोन.
दिवाळीच्या आदल्या रविवारी
आमच्याकडे येणारा जाणारा एवढंच विचारायचा:
चौकोन झाले का?

आत्या पार्ल्याला बिस्किटांच्या कारखान्यात,
पॅकिंगला, एकोणीस वर्षं.
साडीला, वेणीला, पासाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटालासुद्धा
करपू घातलेल्या साखरेचा वास.
शनिवारी पिशवीभर तुकडे आणायची,
कामगारांना किलोवर मिळायचे;
कुणाचा कान उडालेला, कुणी मधोमध दुभंगलेलं,
तळाशी नुसता भुगा.
मोडलं म्हणून चव जाते का रे, म्हणायची
आणि निघालंच त्यात एखादं अख्खं
तर ते वेगळं काढायची, भाऊंच्या चहासाठी.

वही आता माझ्याकडे आलीय.
वही कसली, कुठल्याशा बँकेची जुनी डायरी.
ऑगस्टच्या पानावर, धोब्याच्या हिशेबाखाली:
तुकडे चार वाट्या, भुगा नको.
कोको दिसेल इतका.
डालडा. तूप असल्यास तूप.
साखर, दूध, आटेपर्यंत.
कॉफी चिमूटभर, कुणाला सांगू नये.
मग एक शब्द खोडलेला, आणि
थापून मधुकांताबेनकडे.

किती वेळ, ते लिहिलेलं नाही.
मजल्यावर फ्रिज एकच, त्यामुळे
वेळ मधुकांताबेनच्या सोयीचा.
थाळी न्यायचो मी, वर दुसरी थाळी उपडी घालून,
आणि आत्या मागून, गॅलरीभर ऐकू जाईल अशी,
"सांग त्यांना, अंडं नाही म्हणून!"
दरवर्षी मी सांगायचो.
दरवर्षी त्या थाळी हुंगायच्या,
दह्याचं पातेलं सरकवून जागा करायच्या.
फ्रिजचं भाडं चार चौकोन.
काठाचे नाही, मधले.

यंदा मी केले. मालाडला, अठराव्या मजल्यावर.
चार पुडे फोडले, सगळी बिस्किटं अख्खी.
एकाचाही कोपरा उडालेला नाही.
परातीत घेऊन बसलो,
पहिलं मोडताना उगाच
दाराकडे बघितलं.
लेक म्हणाली, बाबा, मिक्सर लाव ना.
म्हटलं, भुगा होतो.
मग तीही बसली मोडायला,
फोन मांडीवर, एका हातानं,
आणि बराच वेळ घरात
फक्त कटकट आवाज.

दूध आटायला लागलं तशी आठवली
ती शिवणाची लाकडी पट्टी,
कापताना आत्या थाळीवर आडवी धरायची,
सुरी पट्टीला चिकटवून, श्वास रोखून.
कारखान्यात कोण मोजत होतं तिला
कुणास ठाऊक. इथे तीच मोजायची.
वाकडी कड निघाली की
तेवढी छाटून तोंडात टाकायची, उभ्यानंच,
ओट्याशी, पाठमोरी.
अख्खा चौकोन खाताना तिला
मी पाहिलेलं नाही.
विचारलंही नाही तेव्हा.
नऊ वर्षांच्या मुलाचं लक्ष थाळीवर असतं.

चव जवळपास आली.
काहीतरी कमी आहे, बहुतेक कॉफी,
नाहीतर तो खोडलेला शब्द.
खिडकीशी धरून पाहिलं पान,
जायफळ वाचावं तर जायफळ दिसतं,
जाऊ दे वाचावं तर जाऊ दे.

प्लॅस्टिकची पट्टी लेकीच्या कंपासपेटीतली,
तरी ओळी तिरक्याच गेल्या.
सव्वीस झाले.
डबा भरून झाल्यावर लेकीला
ओट्यावर बशी दिसली.
हे चार कुणाचे?
भाड्याचे, मी म्हणालो.
फ्रिज आपलाच आहे, बाबा.
हो, म्हटलं.
बशी तिथेच राहिली.

रात्री सगळी झोपल्यावर
थाळीच्या कडा खरवडून खाल्ल्या,
दिवा न लावता,
उभ्यानंच.