जर-ते

भाषेनं दिलेलं जर-तर मला पुरेना.
आधी शोधा, सापडलं तर त्याला नाव ठेवा,
मग ते नाव तोंडात धरून पुढं चला.
वसमतच्या हळद बाजारातल्या काट्याचा प्रोग्राम,
कंसात कंस, कंसात कंस,
दर दोन ओळींनी एक बारसं.

एका रात्री मी मॅक्रो लिहिला: जर-ते.
काही सापडलं, तर कंसाच्या आत
ते म्हणजे ते.
कुणी जाहीर करत नाही, कुणी मागत नाही,
मॅक्रो उलगडताना एवढं एक नाव
गुपचूप तुमच्या ओळीत सोडून जातो.

(जर-ते (पावती-शोध क्रमांक)
    (छाप ते))

पुण्याहून निरंजनचा शेरा आला:
मॅक्रो सोवळ्यात हवा.
आतल्या नावाचा बाहेरच्या नावाला
विटाळ व्हायला नको.
यंत्राकडून एखादं नाव मागून घे,
जी-एक-शून्य-चार-सात असलं,
जे कुणाच्या तोंडी कधीच येणार नाही.

चुकत नव्हता तो. शिकवतात असंच.
फक्त सोवळं हा शब्द आमच्या घरानं
उंबऱ्याच्या दुसऱ्या बाजूनं ऐकलेला.
मी उत्तर लिहिलं: शिवणार. मुद्दाम शिवणार.

तेवढ्यात चुलीकडून आई:
"शिवकांता, ते उतरव, ते वाढ,
आन ते आले का बघ बरं."
मी दूध उतरवलं, पिठलं वाढलं,
गल्लीच्या तोंडापर्यंत बघून आले.
तीन ते. एकही चूक नाही.

चूक मार्चात झाली, आवक जोरात असताना.
केरबा मगरांच्या पावतीवर हळदीचा दर आला
अकरा रुपये क्विंटल.
दर सापडला होता,
त्याच्या आत ओलावा सापडला, अकरा टक्के,
आणि आतल्या ते नं बाहेरचं ते गिळलं.
केरबांनी पावती उन्हात धरली, उलटी केली, सुलटी केली.
"मशीनबी आडत्याचीच दिसायली की," म्हणाले.

निरंजन काही बोलला नाही.
नुसतं एक टिंब पाठवलं त्यानं.

रात्री बसले. मॅक्रो काढला नाही.
त्याच्या डोक्यावर तीन ओळी लिहिल्या:

; नुकतंच सापडलं ते ते.
; आत आणखी एक जर-ते उघडणार असाल,
; तर बाहेरच्याला आधी नाव द्या.

तिसरी ओळ माझी नाही.
मागल्या पोळ्यानंतर नांदेडला, दवाखान्याच्या खिडकीशी
आई सांगत होती, "ते म्हणाले थांबा.
आन ते तर काही बोलंनातच."
आतल्या पोरानं पेन उचललं:
कोण ते, मावशी? डॉक्टर का पेशंट?
आईनं माझ्याकडं बघितलं.
मी तोंड उघडलं नाही. का, ते अजून कळलेलं नाही मला.
तिनं पदर सारखा केला
आणि बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा,
उखाण्याशिवाय,
"मुंजाजी," म्हणाली. "मुंजाजी खिल्लारे."
पोरानं लिहून घेतलं, पुढचा नंबर पुकारला.
आई त्या खिडकीकडं जरा वेळ बघत राहिली,
काचेवर काही सांडल्यासारखं.

बारा दिवसांनी वडील घरी आले.
आई पुन्हा ते म्हणते,
ते पुन्हा तिला अगं म्हणतात,
आणि घर चालतं.

परवा काट्यावर केरबा भेटले.
"ते झालं का नीट?"
"झालं," म्हणाले मी.
कुठलं ते, मी विचारलं नाही.