मूळ आकार

ग्रिम्सबीच्या गोदीमागे, वाचनालयाच्या तळघरात
मी काचेचे निगेटिव्ह स्कॅन करते.
हातात सुती मोजे. खिडकी नाही.
हीटर आहे, पण तो पायांपुरता.
मासळीचा वास इथवर येतो,
मिरकरवाड्यापेक्षा फिका.

एक काच : बाराशे डीपीआय, टिफ, नव्वद एमबी.
कॉलिन म्हणतो, एवढं कशाला,
डिस्कला पैसे पडतात, साठ टक्क्यांची जेपेग कर,
कोण बघणार आहे इतकं जवळून?
मी मान डोलावते आणि दोन्ही ठेवते.
लहान त्याच्यासाठी.
मोठी कुणासाठी, ते अजून ठाऊक नाही.

साठ टक्क्यांना आधी आकाश जातं,
ढगांचे चौकोन होतात.
मग जाळ्यांची भोकं एकमेकांत मिसळतात,
मग डोळे.
पुन्हा उघडून पुन्हा सेव्ह करा, आणखी थोडं,
घासून घासून पातेल्याची कल्हई जावी तसं.
लोकांना वाटतं, लहान झालेलं परत मोठं करता येतं.
येतं की.
चार माणसं जास्त आली म्हणजे
आमटीत तांब्याभर पाणी घालतात, तसं.
पानं भागतात.
आमटीला विचारू नये.

मंगळवारी मिसेस ब्लँचर्ड आल्या.
वय एक्क्याऐंशी, डोक्यावर पावसाचा प्लास्टिक टोप,
पिशवीत पेपरचं कात्रण, घड्यांवर विरलेलं :
'लेडी ऑर्बी'चे खलाशी, सेहेचाळीसचा ऑक्टोबर.
जानेवारीत बोट आइसलंडच्या अलीकडे गेली,
यांना तेव्हा चौथं वर्ष.

"डावीकडून तिसरे. माझे वडील."
पाच-सहा करडे ठिपके.
आईनं कधी बोट ठेवून दाखवलं नाही,
हनुवटीवरून यांनीच ठरवलं,
सातव्या वर्षी, स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली बसून.
"भिंतीएवढे करून द्याल?"

कात्रणावरून नाही, म्हटलं. पण आमच्याकडे काच आहे.
(केवढा अभिमान होता मला ते सांगताना.)

पंचवीस टक्के. पन्नास. शंभर.
दोरखंडाचे पीळ सुटे झाले.
कोपरावरचं रफू दिसलं, दुसऱ्याच रंगाच्या लोकरीचं.
पेटीतल्या माशांचेसुद्धा डोळे वेगवेगळे.
आणि डावीकडून तिसरा :
सतरा वर्षांचा असेल नसेल,
ओठावर नुसती लव.
हनुवटी म्हणजे मफलरच्या गाठीची सावली.

त्या बराच वेळ बघत राहिल्या.
"हा तर पोरगा आहे," म्हणाल्या,
जसं कुणी दुसऱ्याच्याच घरी दार वाजवलेलं असतं.

मी उजवीकडे सरकवत गेले. चौथा, पाचवा.
सहाव्यापाशी माझा हात थांबला.
डावी भुवई मध्येच तुटलेली,
आत्ता माझ्या शेजारी, चष्म्याच्या वर
होती तशीच.
मी काही बोलले नाही.
त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग मोज्यांतल्या माझ्या हातांकडे,
मग पिशवीची चेन लावली.

"मला आपली लहानच द्या," म्हणाल्या.
"पेपरात होती तशी."

सहाशे चाळीस बाय चारशे ऐंशी.
क्वालिटी : साठ.
आयुष्यात पहिल्यांदा कॉलिनचं ऐकलं.
पोस्टकार्डाएवढा कागद प्रिंटरमधून आला
आणि तिसऱ्या माणसाला पुन्हा हनुवटी होती.

पैसे मोजून दिले त्यांनी, सुटे, एक पौंड वीस.
टोपाची गाठ मारली.
जिना चढताना मधल्या पायरीवर थांबल्या,
मागे न वळता विचारलं,
"मोठी पुसणार नाही ना तुम्ही?"

नाही, म्हटलं.
"बरं," म्हणाल्या,
आणि कठड्याला धरून वर गेल्या.