टोंगळा

डॉक्टर गुडघा म्हणतात,
दुर्पताबाई निपाने टोंगळा.
फॉर्मवर मी गुडघाच लिहितो, उजवा,
आणि कॅसेट सरकवतो पायाखाली.
मोहाडीचं ग्रामीण रुग्णालय, लाइट जाऊन-येऊन,
बाहेर बाकावर आंधळगावच्या कोसा विणणाऱ्या दोघी-तिघी.

"आत उंदीर कुरतडते बाप्पा. राती जास्त."

फिल्मवर मात्र पोलाद,
नागपूरला योजनेतून बसवलेलं, दोन वर्षांपूर्वीचं,
इतकं पांढरंफेक की मागचं काही दिसू नये.
सिमेंट आणि हाडाच्या मधे एक काळी रेघ, केसाएवढी.
सांधा ढिला असेल. जंतू असतील.
रेघ सांगत नाही.
त्यांनी माझा हात ओढून टोंगळ्यावर ठेवला,
"पाह्य, तवा झाला तवा."
मी हात काढून घेतला. लिहिलं : विशेष काही नाही.

ही जानेवारीची गोष्ट.
पोळा झाल्यावर त्या नागपूरला गेल्या.
तिथं दंडातून त्यांचंच रक्त काढलं,
पांढऱ्या पेशी तेवढ्या निवडल्या,
प्रत्येकीच्या पाठीवर किरणांची चिमूट बांधली
आणि परत शिरेत सोडल्या :
जा, भांडण कुठं आहे ते शोधा.
एक फोटो तासाभरानं, एक चार तासांनी,
एक दुसऱ्या दिवशी.
मधली रात्र वऱ्हांड्यात, भात आणि जवसाची चटणी.
नुसती सूज असती तर डाग विरला असता.
तो गडद होत गेला.

परवा ती प्लेट घेऊन आल्या. मी खिडकीला धरली.
पोलाद नाहीच त्यात.
माझ्या फिल्मवर जे एकटंच तळपत होतं
ते इथं रिकामी जागा,
आणि तिच्या कडेनं काळे ठिपके, दाट,
धानाचं पुंजणं पेटल्यावर
सारं गाव धावून यावं तसे.

"माह्याच रक्तानं चुगली केली म्हना," त्या हसल्या.
आता सांधा काढणार,
औषधाचं सिमेंट भरून ठेवणार दीड-दोन महिने,
मग दुसरा.
तोवर मागाची पावडी कोण दाबेल
ते मी विचारलं नाही.
जाता जाता त्याच म्हणाल्या,
"ठानात गाठ असली नं, डोयाले नाई दिसत.
हात फिरवा लागते."

हल्ली बटण दाबण्याआधी मी तळहात ठेवतो.
नोंदवहीत त्याला रकाना नाही.
आज सकाळपासून दोन टोंगळे.
एक थंड.
दुसऱ्याचं कळलं नाही,
माझाच हात तापलेला होता.