पाणी कुठे मुरतंय

रात्री दोन वाजता वॉकलीच्या चढावर
मी काठी व्हॉल्व्हवर टेकवते,
दुसरं टोक कानाला.
शेफील्ड झोपलं की नळ बोलायला लागतात.
फुटलेला नळ चरचरतो,
तापल्या तव्यावर थेंब पडावा इतका बारीक.
सतरा वर्षं हेच काम.
डेरेक म्हणतो, तुझ्या कानाला यंत्र लागत नाही.

आणि तरी.

पाच वर्षांत अकरा बाटल्या भरून दिल्या.
अकरा वेळा जंतू नाहीत,
अकरा वेळा गोळ्या: असू द्या, घेऊन टाका.
पाणी जास्त प्या, म्हणाले डॉक्टर पेम्बर्टन,
मला, पाण्याच्या कंपनीतल्या बाईला.
फोनवर आई: पाळीत दुखतंच गं.
मग जरा थांबून: काही लपवतेस का?
कुठेतरी पाणी मुरतंय.

आमच्या आत्याबाई म्हणायच्या, कावळा शिवला.
शिवून उडून जातो असंच वाटायचं.
आत शिरून घरटं करतो
हे त्यांनाही कुणी सांगितलं नसणार.

स्वयंपाकघरात कराडहून आलेली दिनदर्शिका.
आई ज्या चौकोनांत दुधाचा हिशेब लिहायची
त्याच चौकोनांत मी:
जळजळ.
व्हॅन थांबवली, तीनदा.
लाल? की बीट खाल्लं होतं?
जळजळ.

पाच वर्षांची ती गुंडाळी काखेत मारून गेले
त्या दिवशी पेम्बर्टन रजेवर. नवी डॉक्टर, इफेओमा.
तिने पानं उलटी चाळली, बोट ठेवत, ओठ हलवत.
"हे संकष्टी म्हणजे काय?" विचारलं,
आणि त्याच सुरात,
"हे दर वेळी पाळीच्या आदल्या दिवशी सुरू होतं?"
दोन रकाने शेजारी ठेवायला
एवढाच वेळ लागतो तर.

पोटावर थंड जेल.
स्कॅनवाली पोरगी सुट्टीत कुठे जाणार ते सांगत होती,
डाव्या कुशीपाशी आली आणि बोलायची थांबली.
ते थांबणं मी ओळखते.
रस्त्यावर निळ्या रंगाची खूण करण्याआधी
मीही तशीच थांबते.

गर्भाशयाचं असावं तसं अस्तर, भलत्याच ठिकाणी.
एक गाठ मूत्राशयाच्या भिंतीत, पेनीएवढी.
ती दुखायची, म्हणजे निदान बोलायची तरी.
दुसरी डाव्या मूत्रवाहिनीभोवती, दोरा आवळावा तशी.
वर मूत्रपिंड तुंबून फुगलेलं,
तिथे मात्र एकदाही दुखलं नव्हतं.
फुटका नळ चरचरतो. तुंबलेला गप्प असतो.
हे मला माहीत असायला हवं होतं.
इतरांना नसेल. मला.

डाव्याचं काम: चौदा टक्के.

दोन सर्जन आले, एक बायकांची, एक लघवीचा.
त्याने कागदी टॉवेलवर काढून दाखवलं:
हा तुकडा कापायचा,
हे टोक मूत्राशयात नव्या जागी शिवायचं.
मी विचारलं, व्यास किती?
तीन-चार मिलीमीटर.
आमच्याकडे एवढ्या बारीक पाइपला कुणी जोड देत नाही, मी म्हटलं.
तो हसला. ती हसली नाही.
म्हणाली, मूत्रपिंड वाचेलच असं मी सांगत नाही.
तिचं मला बरं वाटलं.

सहा तास.
मग मांडीला बांधलेली पिशवी, दोन आठवडे,
आत दोन्ही टोकांना आकडा वळलेली नळी.
रंग भरून फोटो काढला. कुठेही गळत नाही, नर्स म्हणाली.
किती दाबाला तपासलं? मी विचारलं,
आणि तिथेच रडू आलं, का ते माहीत नाही,
पँट अर्धी वर घेतलेली.

चौदाचे सोळा झाले. गेलं ते गेलं.
गोळ्यांनी पाळी थांबवली आहे, चौकोन रिकामे.
त्यांत आता खरंच दूध लिहिते:
सोमवार, दोन बाटल्या.

कामावर पहिली रात्र. थंडी.
डेरेकने टॉर्च धरला.
"ऐकू येतंय काही?"
"नाही."
"मग चल पुढे."
"थांब जरा," मी म्हटलं,
आणि काठी पुन्हा टेकवली.