निशाणी एकेचाळीस

वकीलपत्रावर पहिली सही करताना
बिराजदार सरांनी हात धरला. "शाई कोणती?"
निळी, म्हटलं.
"काळी वापर, बागेवाडी. निळी वीस वर्षांत उडते,
आणि आपले दावे त्याहून जास्त चालतात."

फर्म म्हणजे नवी पेठेत, भांड्यांच्या दुकानावर दोन खोल्या,
आम्ही चौघं, एक टाइपरायटर,
दुपारी कपाटाआड कडक भाकरी मोडल्याचा आवाज.

माझा पहिलाच दावा:
व्यंकटेश यन्नम विरुद्ध नरसय्या यन्नम.
सख्खे भाऊ. अक्कलकोट रोडला चादरींचा कारखाना,
माग सतरा.
सतराला दोनानं भाग जात नाही,
वाद खरं तर एवढाच;
कैफियत मात्र छत्तीस पानांची.

पुराव्यात एक चादर दाखल झाली.
काठावर वडिलांचं नाव विणलेलं.
ते नाव यापुढे कोणी विणायचं, हा मुद्दा क्रमांक चार.
चादरीला चिठ्ठी लागली, निशाणी एकेचाळीस,
आणि गाठोडं नाझरच्या कपाटात गेलं.

मग तारखा.
गड्डा संपल्यावर बघू. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर बघू.
वादी हजर, प्रतिवादी हजर, साहेब रजेवर.
मुकादम तेलुगूत रडला, मराठीत बोलला,
साहेबांनी ते इंग्रजीत टाइप करून घेतलं.
रडणं कुठल्याच भाषेत रेकॉर्डवर आलं नाही.

मधल्या काळात मी सुताची बिलं वसूल केली,
न वटलेले चेक, गाळ्यांचे ताबे,
एकदा तर सामाईक बोअरच्या पाण्याला
तूर्तातूर्त मनाई मिळवली, आणि बोअरच आटली.
पुण्याहून मोठ्या फर्मचा फोन आला होता.
गेले नाही. का, ते विचारू नका;
सल्ल्याची फी पडेल.

सर गेले. सात न्यायाधीश बदलले.
नरसय्याही गेले, वारस रेकॉर्डवर आले.
बाविसाव्या वर्षी तडजोडीची पुरसीस दिली:
माग भंगारात, किलोच्या भावानं.
किलोला दोनानं भाग जातो.

राहिली चादर.
परत मिळण्याचा अर्ज मीच लिहिला,
न्यायला नरसय्यांची मुलगी आली.
नाझरच्या टेबलावर तिनं घडी उलगडली,
काठावरून अंगठा फिरवत गेली,
एका जागी थांबली.
"ही नऊ नंबरच्या मागावरची.
त्याचा धोटा डावीकडे अडायचा.
नऊ नंबर आई चालवायची."

बावीस वर्षांत, चार साक्षीदारांच्या उलटतपासात
हा प्रश्न मी कुणालाच विचारला नव्हता.

तिनं चादर पिशवीत घातली,
पोचपावतीवर सही केली. निळ्या शाईत.
मी काही बोलले नाही.