उशीर वजा करून

ब्रिजटाउनच्या मैदानाबाहेर, जनरेटरला खेटून उभ्या व्हॅनमध्ये
माझी नोकरी आवाज बघण्याची.
चेंडू बॅटला चाटून गेला
की पडद्यावरच्या सपाट रेघेला काटा फुटतो,
बारीक, माशाच्या काट्याएवढा.
चित्र आधी पोचतं, आवाज मागून.
स्टंपातल्या मायक्रोफोनपर्यंतची दोन पावलं चालायलाही
त्याला वेळ लागतो. एक फ्रेम, कधी दोन.
तेवढा उशीर आम्ही वजा करतो
आणि तिसऱ्या पंचाला म्हणतो, हं, आता बघा.

आजोबा हसले होते हे ऐकून.
"मी बावीस यार्डांवर उभा.
वजाबाकी टोपीखालीच करायची."

ॲथेलस्टन पिल्ग्रिम, सेंट फिलिपचे पंच.
षटक मोजायला खिशात सहा शिंपले,
त्यातला एक कडेला फुटलेला, तो सहावा.
एकोणऐंशी साली, उसाचं शेवटचं पीक निघाल्यावर,
एल्मोर गिटन्स सत्त्याण्णववर खेळत होता.
टक् झालं. यष्टिरक्षक ओरडला. बोट वर गेलं.
गिटन्स बॅटकडे बघत राहिला,
कुणी तिच्यावर काही लिहून ठेवल्यासारखा,
मग निघून गेला.
त्यानंतर दर शनिवारी
मिस आयांथीच्या रमच्या दुकानात डॉमिनो मांडताना
तो एकच वाक्य बोलतो:
"पॅडचं बक्कल होतं ते, ॲथी."

यंदा मी आजोबांना व्हॅनमध्ये नेलं.
कानातलं यंत्र काढून माझ्या हातात दिलं त्यांनी,
मी हेडफोन चढवला, आवाज पुरता वर नेला.
ते ऐकत राहिले:
बुटाने क्रीज खरवडणं,
यष्टिरक्षकाचं चर्चमधलं गाणं, अर्धंच, पुन्हापुन्हा तेच अर्धं,
फलंदाज स्वतःलाच देत असलेली शिवी,
वाऱ्याचा फडफडाट.
"हे सगळं तिथे होतं?" त्यांनी विचारलं, जरा मोठ्यानेच.
"इतकी वर्षं?"

मग अपील. पंचाचं बोट वर. फलंदाजाने हातांनी टी केला.
मी फ्रेम मागे नेल्या, एकेक.
काटा होता.
पण चेंडू अजून बॅटच्या अलीकडे,
मध्ये निळ्या आकाशाची फट,
आणि बॅट पॅडच्या बकलाला टेकलेली.
हीच रेघ मोठ्या पडद्यावर वीस हजार जणांनी वाचली.
स्टँडमध्ये कुणीतरी शंख फुंकला.
मैदानातल्या पंचाने छातीवर हातांची फुली केली,
दोन्ही खांद्यांना बोटं लावली,
निर्णय मागे घेतला, टोपी सारखी केली.
पुढचा चेंडू.

आजोबा पडद्याकडे बघत राहिले.
तिथे आता साबणाची जाहिरात होती.
"ही खूण मी कधी केली नाही," म्हणाले.

संध्याकाळी दुकानात
तळलेल्या माशाचा वास, टीव्हीवर दिवसभराचे झेल,
आणि टेबलावर दोन म्हाताऱ्यांचे चार हात.
गिटन्सचे ओठ हलले.
ते वाक्य वाचायला आजोबांना कान लागत नाहीत.
त्यांनी सोंगटी खाली ठेवली,
उजवा हात डाव्या खांद्यावर नेला,
डावा उजव्यावर.
तसेच बसले, थंडी वाजल्यासारखे.

गिटन्स सोंगटी हातात धरूनच थांबला.
बाहेरून एक व्हॅन गाणी उधळत गेली.
मग पेल्यात बघत,
जवळजवळ स्वतःशीच, तो पुटपुटला:
"थोडा लागलाही असेल, ॲथी.
अगदी थोडा."

"काय म्हणतोय?" आजोबांनी मला विचारलं.

त्यांच्या कानातलं यंत्र
माझ्याच खिशात होतं, दुपारपासून.
मुठीत ते अजून बारीक शिट्टी घालत होतं.